वाढत्या अंगाचं माप

इचलकरंजीतल्या निम्म्या शाळांचे गणवेश वृषाली मगदूमच्या हातून गेलेले. पोर दुकानाच्या दारातून आत आलं की ही एकदा मान वर करून बघायची, मनातल्या मनात आकडा धरायची, आणि नंतर टेप लावली की तोच आकडा निघायचा. नवऱ्याला, सन्मतीला, याचं भारी कौतुक. तो यंत्रमागावरचा जॉबर, नुसत्या खडखडाटावरून बिघाड सांगणारा. तो चारचौघांत म्हणायचा, "आमच्या हिच्या हातातच मीटर बसवलाय देवानं." अशा बाईचं माप चुकलं, आणि चुकलं ते पोटच्या पोरीचं. आता याला काय म्हणावं?

पोरीचं नाव धृती. वय दहा, दिसायची पाचची. दोन्ही मूत्रपिंडं जन्मापासून अर्धवट, आणि सहाव्या वर्षी त्यांनी कामच सोडलं. तेव्हापासून पोटात बसवलेल्या नळीतून घरचं यंत्र रोज पाणी आत सोडायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की परत ओढून घ्यायचं. यावर पोर जगत होती, पण वाढत नव्हती. लोकांना वाटतं, मूत्रपिंड म्हणजे नुसती गाळणी. तसं असतं तर यंत्रावर भागलं असतं की! पण हाडांना कॅल्शियम मिळवून देण्यात त्याचा हात, नवं रक्त तयार करा असा निरोप धाडतं ते, रक्तातली आंबटाई काढतं तेही तेच. ते बंद पडलं की मेंदू वाढीचं संप्रेरक सोडतो खरा, पण शरीर त्याचं ऐकत नाही. सुया टोचून वरून दिलं, तरी धृतीची उंची दोन वर्षांत दीड सेंटिमीटरच हलली. त्यात रक्त गाळणाऱ्या पोटातल्या पडद्याला दोनदा जंतुसंसर्ग होऊन गेलेला. तिसऱ्यांदा झाला तर तो पडदा कामातून जाईल, मग आपल्या हातात फार काही उरणार नाही, असं डॉक्टर शेहनाज मुजावर यांनी तोंडावर सांगितलं होतं.

म्हणून २०४७ साली कोल्हापूरच्या संवर्धन केंद्रात धृतीचं नाव लागलं, तेव्हा घरात सणासारखं झालं.

त्या केंद्रात मूत्रपिंडं वाढवत, अक्षरशः. मुलाच्या कातडीतल्या चिमूटभर पेशी घ्यायच्या, औषधांनी त्यांना पार मागे, गर्भातल्या अवस्थेत न्यायचं, आणि स्पंजासारख्या सांगाड्यावर पेरायचं. मग काचेच्या हौदात कोमट पोषक द्रव त्यांच्यातून ठोक्याठोक्यानं खेळवत राहायचा. नऊ महिन्यांत अवयव तयार. पेशी मुलाच्याच, म्हणून शरीर ते नाकारत नाही. अडचण एकच होती. हौदातलं मूत्रपिंड जेवढ्या जोराचे ठोके खाईल, तेवढ्या जोराला सरावतं आणि त्याच हिशेबानं मोठं होतं. मग ठोका किती जोराचा द्यायचा, हे कुणी ठरवायचं?

त्यासाठी केंद्रातल्या संगणकात प्रत्येक मुलाचं एक जुळं असे. हाडामांसाचं नव्हे, आकड्यांचं. घरून मुलाची मापं गेली की जुळं तेवढंच वाढे, त्याचं हृदय तेवढ्याच जोरानं धडधडे, आणि त्या धडधडीवर हौदातला पंप चाले. वजनावर भरवसा ठेवून चालत नसे, कारण या मुलांच्या अंगात पाणी साठतं आणि काटा फसवतो. म्हणून टेप. उंची, छाती, दंड, मांडी, दर पंधरा दिवसांनी, घरीच, आईबापांच्या हातानं. सारखं दवाखान्यात आणून नवा संसर्ग लावून घेण्यापेक्षा हे बरं, असा विचार.

टेप कशी धरायची ते पालकांना शिकवायला तन्मय कोरे नावाचा तरुण तंत्रज्ञ होता. वृषालीचा हात बघितल्यावर त्यानं शिकवणंच बंद केलं.

"ताई, तुम्हीच बाकीच्यांना शिकवा की," तो हसत म्हणाला.

आणि इथंच घात झाला. शिंपी अंगाचं माप लिहीतच नाही, कपड्याचं लिहितो. त्यात शाळेचा गणवेश म्हणजे वाढत्या अंगाचा, जूनमध्ये शिवला तर मार्चपर्यंत पुरला पाहिजे. छाती चोवीस भरली की हात आपसूक सव्वीस लिहून मोकळा होतो. पंधरा वर्षं वृषालीचा हात हेच करत आला होता. घरच्या पहिल्या मापाला धृतीची उंची भरली एकशे सहा, केंद्रात नोंदली होती तेवढीच. वृषालीनं टॅबवर लिहिलं एकशे आठ, आणि ती भाकरी थापायला निघून गेली.

थोड्या वेळानं सन्मतीनं हाक मारली. त्याचा आवाज ऐकून ती पिठाच्या हातानंच धावली. टॅबच्या पडद्यावर जुळी उभी होती, साधा फ्रॉक घातलेली, धृतीच्याच चेहऱ्याची. तिच्या डोक्यावर हिरवा बाण, आणि खाली अक्षरं, 'दोन सेंटिमीटर वाढ. अभिनंदन!'

"वाढली गं," सन्मती म्हणाला. "आपली पोर वाढली, वृषाली." आणि तो सहा फुटी गडी ढसाढसा रडला. त्याच संध्याकाळी त्यानं सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

चूक तिला तिथंच कळली होती. सांगायला तोंडही उघडलं होतं. पण समोरच्या माणसाचं ते तोंड बघून कुणाची जीभ वळली असती? पुढच्या वेळी खरं लिहू, असं तिनं ठरवलं. पुढची वेळ आली तेव्हा ध्यानात आलं, की आता खरं लिहायचं म्हणजे पोर आटली असं लिहायचं. तिनं एकशे आठच ठेवलं. त्याच्या पुढच्या वेळी अर्धा सेंटिमीटर वाढवला. मग थोडा आणखी.

तिचं खोटं अडाण्याचं नव्हतं, कसबी हाताचं होतं. एवढ्या उंचीच्या पोरीची छाती किती, दंड किती, हे तिला तोंडपाठ. बाकीच्या पालकांची मापं यंत्र चार चार वेळा परत पाठवायचं. हिच्या मापावर त्यानं एकदाही शंका काढली नाही. आठ महिन्यांत जुळी एकशे चौदा झाली. धृती होती एकशे सात. रोज डोळ्यांसमोर असलेलं लेकरू किती वाढलं, हे बापाला काय कळतंय? त्यात आई दर महिन्याला पोरीच्या अंगात नवा, लांब फ्रॉक घालायची.

आणि खरं सांगायचं तर वृषालीला त्या जुळीचा लळा लागला. दुकानात शिलाई करताना ती टॅब समोर ठेवायची. पडद्यावर बोट फिरवलं की जुळी वळायची, पाठ दाखवायची. खांदे कसे भरत चाललेत, पाय कसे लांब झालेत! तिच्या मापाचा एक निळा गणवेशही वृषालीनं शिवला. कुणासाठी, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

नवव्या महिन्यात केंद्रातून फोन आला, की मूत्रपिंड तयार आहे, गुरुवारी दोघंही भेटायला या. धृतीला शेजारच्या काकूंकडे ठेवून दोघं कोल्हापूरला गेले.

तन्मयनं त्यांना काचेपुढे उभं केलं. पलीकडच्या हौदात ते लोंबत होतं, गुलाबी, ओलं, आणि ठोक्याबरोबर किंचित हलणारं. सन्मतीनं हात जोडले. वृषालीनं मात्र सवयीनं डोळ्यांनीच माप घेतलं, आणि ते धृतीला मोठं होणार, हे तिला कळलं.

डॉक्टर मुजावर खुशीत होत्या. "एकशे चौदा सेंटिमीटरच्या मुलीला शोभेल असं झालंय," त्या म्हणाल्या. "आता शनिवारपासून पक्वन. तीन आठवडे जुळीच्या रक्तदाबाच्या शेवटच्या ठोक्यांवर ते पक्कं करायचं. एकदा पक्कं झालं की त्यात बदल नाही. मग शस्त्रक्रिया."

"मॅडम," वृषालीनं विचारलं, "थोडं मोठं असलं तर चालतंय की? म्हणजे... वाढत्या अंगाला?"

डॉक्टर हसल्या. "प्रत्येक आई हेच विचारते. नाही हो ताई, हे काही कापड नाही. हृदय जेवढं रक्त फेकतं त्यातला पाचवा हिस्सा मूत्रपिंडांना लागतो. मोठं मूत्रपिंड लहान हृदयाच्या जिवावर बसवलं तर त्याला पुरेसं रक्त पोचत नाही. रक्त संथ होतं, गुठळी धरतं, आणि अवयव आतल्या आत मरतो. मग तो काढायचा आणि पुन्हा पेशींपासून सुरुवात करायची. पुन्हा नऊ महिने, वर नंबर लागायचा तो वेगळाच. धृतीचा पोटातला पडदा तेवढं थांबणार नाही. म्हणून तर मापाची एवढी कटकट. चुकीची मापं देणाऱ्या घरांना आम्ही यादीतून काढतो, ते उगीच नाही."

परतीच्या बसमध्ये सन्मती अखंड बोलत होता. शस्त्रक्रिया झाली की पोरीला पोहायला शिकवायचं, पंचगंगेच्या घाटावर न्यायचं, पाणी पाहिजे तेवढं पिऊ द्यायचं. वृषाली खिडकीबाहेर बघत होती. सांगितलं तर यादीतून नाव जाईल. नाही सांगितलं तर शनिवारी ते मूत्रपिंड पडद्यावरच्या पोरीसाठी पक्कं होईल, आणि घरातली पोर जाईल. विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे तिलाही कळत होतं. तरी जीभ हलेना. आपण खोटारड्या ठरू ही भीती, की नवऱ्याच्या तोंडावरचं हसू जाईल ही, तिचं तिलाच ठाऊक.

शुक्रवारी दुपारी ती दुकानातून वर घरात आली, तर धृती आरशासमोर उभी. अंगात तो निळा गणवेश. स्कर्ट कमरेवर राहत नव्हता म्हणून तिनं एका हातानं मुठीत धरला होता. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती.

"आई, हा कुणाच्या मापाचा?"

"तुझाच की. वाढत्या अंगाचा आहे."

"खोटं बोलू नको," धृती शांतपणे म्हणाली. "तिचा आहे. टॅबमधलीचा."

वृषाली दारातच थांबली.

"मला टेप वाचता येते, आई. तू माप घेतलंस की मी खाली बघते. एकशे सात. आणि ती एकशे चौदा. मी तुला किती दिवस सांगणार होते, पण पप्पा लई खूश होते." तिनं स्कर्ट सावरला. "तुला ती जास्त आवडते ना?"

दहा वर्षांच्या लेकरानं असं विचारावं आणि आईनं ते ऐकावं! नाही गं बाळा, असं कसं म्हणतेस, एवढंच म्हणून वृषालीला पोरीला जवळ घेता आलं असतं. पण आठ महिने खोटं लिहून ती थकली होती. ती खाली बसली, म्हणजे दोघींची तोंडं समोरासमोर आली.

"आवडायची," ती म्हणाली. "ती मरणार नाही असं वाटायचं, म्हणून. तू मरशील याची मला रोज भीती वाटते धृती, रोज. तिच्याकडे बघितलं की तेवढा वेळ वाटायची नाही."

धृती जवळ आली. मग दोन्ही हातांनी तिचे गाल पुसले. स्कर्ट पायाशी गळून पडला, त्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही.

"पण ते तिच्या मापाचं माझ्या पोटात बसणार का?" तिनं विचारलं.

"नाही बसणार."

"मग सांग की मॅडमना."

सन्मती जेवायला आला होता. वृषालीनं आधी त्याला सांगितलं, उभ्यानंच, काही न लपवता. तो ऐकत राहिला. ताटावरून उठला, बाहेर गेला, पायरीवर पाठ करून बसला. आत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "गल्लीभर पेढे वाटले मी." आणि फोन तिच्या हातात दिला.

वृषालीनं डॉक्टर मुजावरांना सगळं सांगितलं. 

"मोजा," त्या म्हणाल्या. "आत्ता. कॅमेऱ्यासमोर. मी बघतेय."

धृती भिंतीला टेकून उभी राहिली. वृषाली पुढे झाली. तिनं टेप लावली, ताणली, आणि आकडा मोठ्यानं सांगितला. एकशे सात. छाती त्रेपन्न. दंड पंधरा. मांडी अठ्ठावीस. तिकडे तन्मय एकेक आकडा घालत होता आणि इकडे टॅबवर जुळी आटत होती. खांदे आत गेले, पाय आखडले, मान बारीक झाली. शेवटी पडद्यावर उभी राहिली ती धृतीच, जशी होती तशी. सन्मतीनं तोंड फिरवलं. वृषालीनं मात्र डोळे हटवले नाहीत. बघायची शिक्षा आपलीच आहे, असं तिला वाटलं.

"नियमानं हे समितीपुढे ठेवावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "पक्वन मी थांबवते. शनिवारनंतर सांगितलं असतंत तर..." 

समितीनं चार दिवस घेतले. त्या चार दिवसांत सन्मती बायकोशी लागेल तेवढंच बोलला. निकाल आला तो असा. धृतीच्या पेशींचं मूत्रपिंड दुसऱ्या कुठल्या मुलाच्या कामाचं नाही, म्हणून ते तिलाच बसवायचं. आधी हळूहळू ठोका कमी करून त्याचा बाहेरचा भाग आटू द्यायचा, उरेल ते लहान दाबावर पक्कं करायचं. असं याआधी कुणी केलेलं नाही. टिकेल की नाही, निम्मं निम्मं. टिकलं तरी एरवीच्या चाळीस वर्षांच्या जागी दहा-बारा वर्षं. आणि शेवटची ओळ होती, की यापुढे मुलीची मापं आईनं घ्यायची नाहीत. वडिलांनी घ्यावीत.

वृषालीनं ती ओळ दोनदा वाचली. तिनं टेप घडी करून सन्मतीच्या हातात ठेवली आणि ती कशी धरायची ते त्याला शिकवायला बसली. पहिल्यांदा त्यानं उलटी धरली.

महिन्याभरानं शस्त्रक्रिया झाली. सहा तास चालली. मूत्रपिंड बसलं, गुलाबी झालं, आणि मग जणू झोपून गेलं. मूत्राशयातल्या नळीतून थेंब थेंब यायचे, तेही लालसर. यंत्र चालूच ठेवावं लागलं. आठव्या दिवशी डॉक्टर मुजावरांनी नळी काढली. "नळीमुळेच अडत असेल कदाचित," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत वाट बघू. काहीच झालं नाही तर पुन्हा उघडून बघावं लागेल." 

दुपार गेली. वॉर्डात जेवणाच्या गाड्या येऊन गेल्या. साडेचारच्या सुमाराला धृतीनं पाय पोटाशी घेतले.

"आई, पोटात कसंतरी होतंय."

वृषाली तिच्यावर वाकली. "कुठं?"

"इथं खाली. जड झालंय. लई विचित्र वाटतंय गं. डॉक्टरांना बोलव."

वृषाली अनवाणीच पळाली. गुठळी, तिच्या डोक्यात एकच शब्द. डॉक्टर आल्या, बेंबीखाली हलकेच दाबलं. धृती चपापून ओरडली, "नको, दाबू नका, काहीतरी होईल!"

"दुखतंय का?"

"दुखत नाही. पण... दम धरवत नाही असं काहीतरी. मला कळंना झालंय."

डॉक्टरांचा हात तिथंच थांबला. त्यांनी वृषालीकडे बघितलं. "ताई, हिला लघवी होऊन किती वर्षं झाली?"

"चार," वृषाली म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला उमगलं. पोरगी विसरली होती. सहाव्या वर्षी थांबलं ते थांबलंच. लागते म्हणजे काय होतं, हे तिच्या अंगाच्या आठवणीतच उरलं नव्हतं.

सन्मतीनं धृतीला उचलून बाथरूमच्या दारापर्यंत नेलं. वृषाली आत शिरायला निघाली, तर पोरीनं हात आडवा केला.

"तू बाहेर थांब. मी काय लहान आहे का?"

दार लागलं. बाहेर तिघं उभे राहिले, वृषाली, सन्मती आणि डॉक्टर. कुणी कुणाकडे बघेना. एका बाजूला सलाइनचा स्टँड कुरकुरला, मग तोही गप्प झाला. सन्मतीनं कधी तिचा हात धरला ते वृषालीला कळलंही नाही. कितीतरी दिवसांनी धरला होता.

आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आला. बारीक, सलग, ओळखीचा आवाज, जो जगातल्या प्रत्येक घरात दिवसातून दहादा होतो आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. डॉक्टर मुजावरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सन्मतीनं भिंतीला डोकं टेकलं. वृषाली दाराला कान लावून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

आत धृती खिदळायला लागली.

"आई!" ती दारामागून ओरडली. "आई गं, हे थांबतच नाहीये!"